ही टेकडी कुणाची?

बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी नावाची एक वसाहत आहे. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन खेड्यांच्या ३३२ एकर जमिनीवर ती गेल्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस उभी राहू लागली. 'केऑनिक्स' हे कर्नाटक सरकारचे महामंडळ १९७६ साली निघाले. त्याचे पहिले अध्यक्ष आर. के. बालिगा यांची ही कल्पना. आज तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली तरुण मुलेमुली काम करतात. त्यांत सोलापूर, सांगली, लातूरकडचीही पुष्कळ आहेत. माझा एक भाचा त्यांपैकीच.

मध्यंतरी त्याच्याकडे मुक्कामाला असताना त्याने मला तळहाताएवढी एक हिरवी पाटी दाखवली. यंत्राच्या पोटात असते तसली. तिच्या कडेला बारीक पिवळ्या पट्ट्यांची रांग होती. तो म्हणाला, "मामा, हा मुलामा खऱ्या सोन्याचा आहे बरं का. गंजत नाही, म्हणून वापरतात." मी त्याला विचारले, "सोनं इथं आलं. त्याची माती कुठं गेली?" तो हसला. त्याला हा प्रश्न विनोदाचा वाटला. पण दुसरा दिवस रविवारचा होता, आणि मातीचा पत्ता तेथून फार लांब नव्हता. आम्ही गाडी काढली आणि पूर्वेकडे सुमारे शंभर किलोमीटरांवर असलेल्या कोलारच्या सुवर्णखाणी पाहायला निघालो.

कोलारच्या खाणी आता बंद आहेत. १८८० च्या सुमारास जॉन टेलर यांच्या कंपनीने तेथे आधुनिक पद्धतीने खोदकाम सुरू केले. १९०२ साली कावेरीवरच्या शिवसमुद्रम येथील वीज या खाणींसाठी आणली गेली. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेली. सव्वाशे वर्षांत तेथून सुमारे आठशे टन सोने निघाले, असे सांगतात. २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम थांबले. सोने गेले, साहेब गेले, पुढे मजूरही पांगले. जे गेले नाही ते मात्र गावात शिरण्यापूर्वीच दिसते. राखेच्या रंगाच्या, सपाट माथ्याच्या, पावसाने ओहोळ पाडलेल्या टेकड्यांची एक रांगच तेथे उभी आहे. लोक त्यांना सायनाइडच्या टेकड्या म्हणतात. त्या देवाने निर्माण केलेल्या नाहीत. दळलेल्या खडकाचे ते ढीग आहेत. एकंदर तेरा ढीग, आणि त्यांत सुमारे तीन कोटी तीस लाख टन भुकटी.

भाच्याने त्या टेकडीची चिमूटभर माती हातात घेतली. रांगोळीहून बारीक. वाऱ्याबरोबर ती उडून गेली. मग त्याने मला एक साधा प्रश्न विचारला. "मामा, ही टेकडी आता कुणाची?"

आजचे माझे भाषण हे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

प्रथम ही माती होते कशी, ते पाहू. खाणीतून निघालेल्या एक टन खडकात सोने असते फार तर काही ग्रॅम. तांब्याचे प्रमाणही बहुधा शंभरात एखादाच भाग. म्हणून खडक फोडून पिठासारखा दळावा लागतो, त्यात पाणी आणि रसायने मिसळावी लागतात, आणि धातू वेगळा काढावा लागतो. धातू निघाल्यावर जो पातळ लगदा मागे उरतो त्याला खाणीच्या भाषेत टेलिंग्ज म्हणतात. आपण त्याला खाणगाळ म्हणू. हा गाळ नदीत सोडता येत नाही, निदान सोडू नये. म्हणून एखादी दरी पाहून तिच्या तोंडाशी बांध घालतात आणि त्यामागे गाळ साठवतात. गाळ खाली बसतो, वरचे पाणी पुन्हा कारखान्यात नेतात. खाण चालू असेतोवर रोज गाळ येतो, म्हणून बांधही वर्षावर्षाने वाढत जातो.

या वाढण्यातच सगळी मेख आहे. बांध उंच करण्याच्या रीतींपैकी दोन येथे पाहू. एका रीतीत प्रत्येक नवा थर बाहेरच्या अंगाला, पक्क्या जमिनीवर पाय रोवून घालतात. त्यास माती पुष्कळ लागते, पैसाही पुष्कळ लागतो. दुसऱ्या रीतीत पहिला लहानसा बांध भरला की, त्यामागे बसलेल्या गाळाच्याच पाठीवर दुसरा बांध घालतात. तो भरला की त्याच्या मागच्या गाळावर तिसरा. पायरीपायरीने बांध आतल्या बाजूला सरकत वर चढतो. ही रीत स्वस्त आहे. पण येथे भिंतीचा पाया म्हणजे कालचाच गाळ.

हा पाया कसा दगा देतो, हे कोकणातल्या मुलांनाही ठाऊक आहे. लाट नुकतीच ओसरलेल्या ओल्या वाळूवर आपण उभे राहिलो तर वाळू घट्ट लागते. जागच्या जागी पाय हलवू लागलो की तीच वाळू पाण्यासारखी होते आणि घोटे आत जातात. वाळूच्या कणांमधले पाणी दाबले जाते, कण एकमेकांचा आधार सोडतात आणि घन पदार्थ एका क्षणात द्रव होतो. ओल्या, सैल गाळाचेही तसेच आहे. भूकंपाचा धक्का, अतिवृष्टी, घाईने चढवलेला नवा थर, यांतले कोणतेही निमित्त त्यास पुरते. कित्येकदा निमित्त कोणते होते हे मागाहूनच कळते. म्हणून अशा बांधाचा खरा शत्रू त्याच्या पोटातले पाणी होय. पाण्याचा निचरा नीट होत असेल तर बांध टिकतो. पाणी आत चढू लागले की त्याचे दिवस भरत येतात.

येथे मला माझ्या नोकरीच्या आरंभीची एक गोष्ट सांगावीशी वाटते. मी एका उपविभागाचा प्रांताधिकारी होतो. पावसाळ्यात तालुक्यातले लहान तलाव पाहून ठराविक नमुन्यात अहवाल भरायचा, असा रिवाज होता. एका संध्याकाळी भर पावसात एका मातीच्या तलावावर पोचलो. बांधाचा माथा पाहिला, सांडवा पाहिला, आणि जीपमध्ये बसून 'स्थिती समाधानकारक' असा शेरा लिहून मी सही केली. बांधाच्या पायथ्याशी मी उतरलो नव्हतो. चिखल फार होता. जीप सुरू होणार तेवढ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला म्हातारा पाटकरी पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, पायथ्याशी झरा हाय तो कालपर्यंत नितळ यायचा. आज गढूळ येतोय."

मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. सुदैवाने बरोबरच्या शाखा अभियंत्याला तो कळला. त्याचा चेहरा बदलला. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपायचेच. ते नितळ असेल तर भिण्याचे कारण नाही. पण ते गढूळ झाले म्हणजे पाणी आपल्याबरोबर बांधाची माती घेऊन निघाले आहे. आत एक बीळ पडत आहे. त्या रात्री झऱ्याच्या तोंडाशी वाळू आणि खडीचे थर घालून माती अडवली, तलावाची मोरी उघडली, आणि तीन दिवसांत पाणी उतरवले. बांध वाचला. माझी सही मात्र त्या 'समाधानकारक' शब्दाखाली तशीच राहिली. नंतर मी तो नमुना पुन्हा वाचला. त्यात बारा रकाने होते. झऱ्याच्या पाण्याचा रंग लिहिण्यास रकाना नव्हता.

पाण्याचा तलाव आणि खाणगाळाचा बांध यांतला मोठा फरक या गोष्टीत दडलेला आहे. संकट दिसताच आम्ही तलाव रिकामा करू शकलो. खाणगाळाचा बांध असा रिकामा करता येत नाही. पाण्याच्या धरणाचा उपयोग संपला तर ते मोडून टाकता येते. गाळाच्या बांधाचा उपयोग खाण बंद झाल्यावरच खरा सुरू होतो; आणि त्याला शेवटची तारीख नाही. माणूस अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी निवृत्त होतो, कंपनी दिवाळ्यात निघते, सरकारे बदलतात. बांधाला निवृत्ती नाही.

अशा बांधाचे एक मोठे उदाहरण कर्नाटकातच आहे. पश्चिम घाटात चिक्कमगळूरु जिल्ह्यात कुद्रेमुख येथे लोहखनिजाची मोठी खाण होती. १९७६ सालीच तिच्यासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय बेंगळुरूच्या कोरमंगल भागात आहे. खनिज दळून, लोखंडाचा अंश वेगळा काढून, त्याचा लगदा ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळुरूच्या बंदराकडे जाई. उरलेला गाळ भद्रेला मिळणाऱ्या लक्या नावाच्या ओढ्यावर सुमारे शंभर मीटर उंचीचा मातीचा बांध घालून अडवला जाई. ज्या प्रदेशात वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, तेथे असा बांध सांभाळणे हे सोपे काम नव्हे. तो बांध उभा राहिला, आजही उभा आहे, याचे श्रेय तो बांधणाऱ्यांना आणि राखणाऱ्यांना द्यावयास हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार २००५ च्या अखेरीस तेथील खाणकाम थांबले. भोवती राष्ट्रीय उद्यान आहे. अरण्य हळूहळू आपली जागा परत घेईल. पण लक्याच्या बांधामागचा गाळ कोणतेही अरण्य परत नेणार नाही. दर पावसाळ्यात कोणीतरी त्या बांधाच्या सांडव्यावर आणि पायथ्याशी गेलेच पाहिजे. या वर्षी, पुढच्या वर्षी, आणि आपल्या नातवंडांच्या काळातही.

कोणी गेले नाही, किंवा जाऊनही जे कळले त्यावर काही केले नाही, तर काय होते? १९७६ याच वर्षी ब्राझील देशात ब्रुमाजिन्यो या गावाजवळ एका लोहखाणीच्या गाळासाठी बांध घालण्यास आरंभ झाला. गाळावर पाया टाकण्याच्या त्या स्वस्त रीतीने, पायरीपायरीने, तो ८६ मीटर उंच झाला. २०१६ साली त्यात गाळ सोडणे बंद झाले. बांध जणू झोपी गेला. २५ जानेवारी २०१९ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास तो काही क्षणांत वितळल्यासारखा कोसळला. कंपनीची कचेरी आणि उपाहारगृह बांधाच्या खालच्या अंगालाच होते. लोक जेवायला बसले होते. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. २७० माणसे त्या चिखलाखाली गेली.

या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या तज्ज्ञांनी जे सांगितले ते मला अधिक भयावह वाटते. कोसळण्यापूर्वी डोळ्यांना दिसेल असे कोणतेही लक्षण बांधाने दाखवले नव्हते. पण बांधाच्या पोटात पाणी फार वर चढले आहे आणि आतून निचऱ्याची पुरेशी सोय नाही, ही स्थिती एका दिवसात उत्पन्न झालेली नव्हती. आणि काही महिन्यांपूर्वीच बाहेरच्या एका तज्ज्ञ संस्थेने बांध स्थिर असल्याचा दाखला दिला होता. म्हणजे तेथेही कोणीतरी 'समाधानकारक' असे लिहिले होते. हे वाचताना मला माझी जीप आठवली, आणि चिखलात न उतरलेले माझे बूट आठवले.

कोणी म्हणेल, हे ब्राझीलचे झाले. आपल्या महाराष्ट्रात बांध फुटणे म्हटले की १२ जुलै १९६१ चे पानशेत आठवते. ते पाण्याचे धरण होते. त्याचे पाणी पुण्याचा विध्वंस करून वाहून गेले आणि मुठा पुन्हा पात्रात परतली. गाळाचे तसे नाही. २०१५ साली ब्राझीलमध्येच मारियाना येथे फुटलेल्या बांधाचा गाळ नदीवाटे सहाशेहून अधिक किलोमीटर वाहत थेट समुद्रापर्यंत गेला. आणि अशा गाळाची चव आपणही चाखलेली आहे. औष्णिक वीजकेंद्राची राख पाण्यात कालवून अशाच बांधामागे साठवतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीजकेंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध अतिवृष्टीत फुटला. राखेचे पाणी शेतांत आणि वस्त्यांत शिरले आणि पुढे नदीला मिळाले. त्या नदीचे नावही योगायोगाने कोलारच. ती कन्हानला मिळते, आणि कन्हानचे पाणी नागपूरकर पितात. त्याआधी १० एप्रिल २०२० रोजी मध्य प्रदेशात सिंगरौली जिल्ह्यातील सासन येथे राखेचा बांध फुटून सहा जीव गेले. त्यांत मुलेही होती.

गोव्यातील श्रोत्यांना तर हे सांगण्याचीही गरज नाही. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खाणींच्या मातीचे ढीग किती आहेत, आणि पावसाळ्यात तांबडा गाळ ओहोळांतून भातशेतात कसा उतरतो, हे तेथील शेतकरी मजहून अधिक चांगले सांगतील.

मग उपाय कोणता? काही उपाय अभियंत्यांचे आहेत आणि ते ज्ञात आहेत. गाळातले पाणी आधीच काढून घ्यावे आणि तो जाडसर किंवा जवळजवळ कोरडा करून रचावा. आतल्या निचऱ्यात काटकसर करू नये. गाळावर पाया टाकण्याची रीत भूकंपाच्या आणि भारी पावसाच्या प्रदेशांत टाळावी. १९६५ साली भूकंपाने एल कोब्रे येथील बांध कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेल्यावर चिली देशाने ती रीत बंद केली. ब्राझीलने ती २०१९ साली बंद केली. पण त्यासाठी त्या देशाला दोन बांध आणि जवळजवळ तीनशे माणसे गमवावी लागली. बांधाच्या सावलीत कचेऱ्या आणि वस्त्या नसाव्यात, हे तर सांगण्यास अभियंताही नको.

दुसरे उपाय कायद्याचे आहेत. आपल्याकडे २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. ती चांगली गोष्ट झाली. पण त्यातील धरणाची व्याख्या नदीनाल्यावर पाणी अडवणाऱ्या बांधकामाची आहे. गाळ तिच्या मनात नाही. खाणगाळाचा विचार खाणींच्या नियमांत होतो. खाणीने बंद होण्यापूर्वी खाणबंदीचा आराखडा द्यावा आणि त्यासाठी आर्थिक हमी ठेवावी, असे हे नियम सांगतात. ते पाहणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. २०२० सालच्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने, गुंतवणूकदारांच्या आणि मोठ्या खाण कंपन्यांच्या संघटनांबरोबर, खाणगाळासाठी एक जागतिक मानकसंहिता प्रसिद्ध केली. तिच्यात ७७ अपेक्षा आहेत. त्यांतल्या दोन मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. प्रत्येक बांधासाठी एका वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतः उत्तरदायी असावे, ही एक. आणि धोका सांगणाऱ्या कामगाराला त्या सांगण्याबद्दल शिक्षा होऊ नये, ही दुसरी.

पहिली अपेक्षा माझ्यासारख्यांसाठी आहे, दुसरी त्या पाटकऱ्यासाठी. आम्हा अधिकाऱ्यांची तीन वर्षांनी बदली होते. फाईल पुढच्या टेबलावर जाते. फाईलबरोबर जबाबदारी जाते, असे आपण मानतो. पण पुष्कळदा नुसती फाईलच जाते. बांध मात्र बदलीवर जात नाही, आणि त्याच्या पायथ्याशी राहणारा माणूसही जात नाही. म्हणून ज्याला रोज दिसते त्याचे म्हणणे, ज्याला सहीचा अधिकार आहे त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट उघडी असली पाहिजे. नमुन्यातला तेरावा रकाना तो हाच.

कोलारच्या टेकड्या कोरड्या आहेत. तेथे पुराचे भय नाही. तेथला त्रास धुळीचा आणि पावसात धुऊन जाणाऱ्या गाळाचा. पण त्यांची कथा संपलेली नाही. त्या भुकटीत अजून थोडे सोने आहे, आणि ते काढण्याच्या प्रस्तावास कर्नाटक सरकारने २०२४ साली संमती दिली. सोने निघो, माझी त्यास हरकत नाही. मात्र सोने काढायचे म्हणजे कोरडी टेकडी पुन्हा कालवायची, आणि लगदा पुन्हा कोठेतरी बांधामागे ठेवायचा. दक्षिण आफ्रिकेत याखर्सफोंटेन येथील हिऱ्यांची खाण १९७१ साली बंद झाली होती. तिचा जुना गाळ पुन्हा धुऊन हिरे काढले जात असताना, ११ सप्टेंबर २०२२ रोजी नव्या गाळाचा बांध फुटला आणि गावातली घरे वाहून गेली. जुन्या टेकडीला हात लावण्यापूर्वी नव्या बांधाची वही उघडावी, एवढेच माझे म्हणणे.

आणि भाच्याचा प्रश्न? त्या दिवशी परतताना मी त्याला सांगितले, "कागदोपत्री ती टेकडी सरकारी कंपनीची आहे." तो थोडा वेळ गप्प राहिला. इलेक्ट्रॉनिक सिटीचे दिवे दिसू लागले तेव्हा म्हणाला, "कागदावर कुणाची ते कळलं, मामा. पण पावसाळ्यात तिच्याकडे जाऊन बघतं कोण?"

श्रोतेहो, प्रश्न खरे पाहता हाच होता. आपल्या हातातल्या दूरध्वनीत सोन्याचा एक कण आहे, घराच्या तारांत तांबे आहे, दिव्यांत कोळशाची वीज आहे. त्या प्रत्येकाची माती कोठेतरी एका बांधामागे उभी आहे. ती आपली आहे असे म्हणणारा कोणी असेल, आणि पाऊस लागला की चिखलात उतरून झऱ्याचे पाणी ओंजळीत घेऊन पाहणारा कोणी असेल, तोवरच तिच्या खालच्या गावांनी निश्चिंत झोपावे.